डाव्या हाताची निवृत्ती

आमच्या पिढीला 'निवडणे' हे क्रियापद तांदळापुरतेच माहीत होते. ताटात तांदूळ घ्यायचे, खडे बाजूला काढायचे, झाली निवड. बाकीच्या गोष्टी आम्ही निवडल्या नाहीत, त्या मिळाल्या. शाळा घराजवळची मिळाली, नोकरी जिथून कॉल आला तिथली मिळाली. लग्नाच्या बाबतीत मी निवडले की मला निवडण्यात आले, हा मुद्दा आमच्या घरात गेली बेचाळीस वर्षे प्रलंबित आहे.

स्कूटरचे तर विचारूच नका. त्या काळी स्कूटर कोणती घ्यायची हा प्रश्नच नव्हता. स्कूटर कधी मिळणार, एवढाच होता. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली. मुलगा पहिलीत असताना नंबर लावला, तर तो दहावीला बसेपर्यंत गाडी दारात येण्याचा संभव असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याचा नंबर लवकर लागे, त्यामुळे ज्याचा एखादा लांबचा भाचा आखातात असे, त्याला गल्लीत अचानक मान मिळू लागे. ज्याला भाचा नाही आणि धीरही नाही, त्याने ऑन देऊन घ्यावी. रंग कोणता, असे विचारण्याचे धाडस कुणी करीत नसे. जो मिळेल तो आपला आवडता.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी काचेच्या दुकानात गार हवेत बसवायचे, समोर थंड पाण्याची बाटली ठेवायची आणि 'सर, तुमची रिक्वायरमेंट काय?' असे विचारायचे, म्हणजे जन्मभर खानावळीत जेवलेल्याला स्वयंवराला बसवण्यासारखे आहे.

पण तो प्रसंग माझ्यावर आला. आणला माझ्या डाव्या गुडघ्याने.

मोटारसायकलचा गिअर डाव्या पायात असतो. गेली वीस वर्षे माझा डावा पाय तो गिअर वर उचलत होता, खाली दाबत होता, आणि सिग्नलला सगळ्या गाडीचा भार घेऊन जमिनीवर उभा राहत होता. जालना रोडवर तुम्ही कधी संध्याकाळी सहा वाजता क्रांती चौकातून सिडकोपर्यंत आला असाल, तर या पायाचे काय झाले असेल ते मी सांगायला नको. अमरप्रीत, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल – प्रत्येक ठिकाणी पहिला, न्यूट्रल, पहिला, दुसरा, पुन्हा न्यूट्रल. एवढी उठाबस तर आमच्या मास्तरांनीही शाळेत कधी करायला लावली नव्हती. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि थंडपणे म्हणाले, "मोटारसायकल बंद करा. चालवायचीच असेल तर बिनगिअरची बघा."

डॉक्टरांचे हे वाक्य घरात दोन प्रकारे ऐकले गेले. मी फक्त दुसरा अर्धा भाग ऐकला. घरच्यांनी फक्त पहिला.

त्याच रात्री पुण्याहून चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आता कशाला हवी गाडी? मोबाइलवर रिक्षा मागवत जा ना. दारात येते." मागून सूनबाईंनी मान पुढे करून, "हो ना बाबा, आम्हाला इथे काळजी वाटते," असे सांगितले. काळजी ही अशी चीज आहे, की करणारा पुण्यात बसतो आणि तिचा बंदोबस्त मात्र आमच्या दारात लागतो.

आता रिक्षाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण रिक्षावाला बसण्यापूर्वीच विचारतो, "कहाँ जाना?" मोबाइलवरची रिक्षा तर ते टाइप केल्याशिवाय हलतच नाही. निवृत्त माणसाला विचारावा असा याहून क्रूर प्रश्न नाही. कुठे जायचे, हे त्याला घराबाहेर पडल्यावर कळत असते. कोथिंबीर आणायला म्हणून निघायचे, औरंगपुऱ्यात भाजी बघायची, मग पैठण गेटवरून वळून गुलमंडीला जुन्या मित्राच्या दुकानात दहा मिनिटे म्हणून दीड तास बसायचे, आणि कोथिंबीर विसरून घरी यायचे. हा कार्यक्रम मोबाइलच्या कुठल्या रकान्यात भरणार? नोकरी सुटली, तेव्हा खुर्ची गेली. त्याचे फारसे वाटले नाही. खुर्ची आपली नव्हतीच. पण गाडीची किल्ली गेली की माणूस 'कुणीतरी नेले तर जाणारा' होतो. मग त्याला लग्नाला नेतात, दवाखान्यात नेतात, मतदानाला नेतात. जाणे आणि नेले जाणे यांत फरक आहे. तो टाळायचा एकच मार्ग होता: बिनगिअरची.

पण 'बिनगिअरची' हा शब्द तोंडातून काढणे आमच्या पिढीतल्या पुरुषाला किती जड जाते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

१९७२ साल हे महाराष्ट्राला दुष्काळामुळे आठवते. त्याच साली पुण्याच्या बाजूने दोन वाहने रस्त्यावर आली. एक बजाजची चेतक. नावच मुळी राणा प्रतापाच्या घोड्याचे. चार गिअर, तेही डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि मूठ पिळायची. दुसरी कायनेटिकची लूना. पन्नास सी.सी.ची, सायकलसारखी पायडल असलेली आणि गिअर अजिबात नसलेली. समाजाने ताबडतोब दोन पंगती मांडल्या. गिअरवाल्यांची पंगत वर, बिनगिअरवाल्यांची खाली. सरकारनेही त्याला मान्यता दिली. आजही लायसन्सवर 'विथ गिअर' आणि 'विदाऊट गिअर' असे दोन वर्ग आहेत. गिअरवाल्याला बिनगिअरची चालते, बिनगिअरवाल्याला मात्र गिअरची चालत नाही.

गिअरची स्कूटर शिकणे ही पुरुषाची मुंजच होती. डावा हात एक काम करतोय, उजवा दुसरे, उजवा पाय ब्रेकवर तिसरे, आणि मागे बसलेले वडील बंधू कानात चौथे सांगतायत. त्यात न्यूट्रल. न्यूट्रल हा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आहे, असे सगळे सांगतात. मोक्षासारखाच तो. आहे नक्की, पण ऐन वेळी सापडत नाही.

अशी विद्या एकदा हाताला लागली, की माणूस ती नसलेल्यांकडे जरा वरूनच बघतो.

१९८४ साली कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या आणि त्यातून कायनेटिक होंडा ही स्कूटर निघाली. गिअर नाही, आणि किक मारायचीही गरज नाही; बटण दाबले की सुरू. माझी बदली या शहरात १९८५ साली झाली. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग आले होते, आणि शहरात दुचाकीशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या कॉलनीत रोज सकाळी साडेनऊला एक सामुदायिक कार्यक्रम होई. समस्त पुरुषवर्ग आपापली स्कूटर एका अंगाला कलती करून, पुन्हा सरळ करून, किक मारून, पुन्हा कलती करून तिची मनधरणी करीत असे. लांबून बघणाऱ्याला सगळे नवरे एखाद्या गाईचे दूध काढतायत असे वाटावे.

अशा एका सकाळी, १९८८ साली, आमच्या सौ.ने शाळेच्या पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली कायनेटिक होंडा बाहेर आणली. ती शिक्षिका होती आणि शाळा पाच किलोमीटरवर. पदर खोचला, पर्स पायाशी ठेवली, बटण दाबले आणि ती गेली. सगळ्यांच्या किका हवेत राहिल्या. तिचा आवाज वळणावर विरेपर्यंत कुणी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "त्यात काय? तिला गिअरच नाहीत." सगळ्यांना बरे वाटले आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

तेव्हापासून हेच चालू आहे. लूना, कायनेटिक, मग नव्वदच्या दशकात स्कूटी, २००१ साली होंडाची अ‍ॅक्टिव्हा. या बिनगिअरच्या गाड्यांवर बसून या राज्यातल्या बायका शाळेत गेल्या, बँकेत गेल्या, कॉलेजात गेल्या, मुलांना क्लासला सोडून स्वतः क्लास घ्यायला गेल्या. पुरुष मात्र 'ती बायकांची गाडी' म्हणत आपल्या गिअरला धरून राहिले. गिअर हे यंत्र होते की कुंपण होते, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. पुढे २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बंद करीत असल्याचे जाहीर केले. आणि २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली ती विजेवरची. बघतो तर राणा प्रतापाचा घोडाही विदाऊट गिअर! वर त्याला मागे जाण्याची सोय. हळदीघाटीत असे काही असल्याचे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

असो. तर घोड्याने जे मान्य केले ते मी का करू नये, अशी मनाची तयारी करून मी चौकशीला लागलो. चौकशी ही आपल्याकडे एकट्याने करता येत नाही. सगळ्यांत आधी परभणीहून दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आयुष्यभर राजदूत चालवली आणि अजूनही जिना चढताना ते ती चालवत असल्यासारखे वाटतात.

"हे बघ," दाजी म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष तू. स्कूटर कसली घेतोस? मोटारसायकलच घे. पण ऑटोमॅटिक घे. आता तशा निघाल्या आहेत म्हणे."

निघाल्या आहेत, हे खरे. होंडाने २०१० साली मोटारसायकलमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स बसवला. त्याची गंमत सांगतो. एक क्लच एक-तीन-पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. आपल्याकडच्या पंगतीसारखेच. एक वाढपी भात वाढत असतो, तेव्हाच दुसरा वरणाचे भांडे घेऊन मागे तयार उभा असतो. पहिला बाजूला झाला, की दुसरा पुढे. पानावरच्याचा घास अडत नाही. तसाच इथे पुढचा गिअर आधीच तयार असतो. हाताला काम नाही, पायाला काम नाही, गाडी स्वतःच ठरवते. होंडाची आफ्रिका ट्विन २०१७ साली आपल्याकडे आली ती याच गिअरबॉक्सची.

"बघ!" दाजी म्हणाले. "कितीला आहे?"

"तेव्हा बारा लाखांच्या वर होती."

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "स्कूटरमध्ये काय मिळतं?"

मोठ्या स्कूटरमध्येही चढाओढ आहेच. २०२१ साली बी.एम.डब्ल्यू.ने आणलेली स्कूटर नऊ लाख पंचाण्णव हजारांची आणि दोनशे चौदा किलोची. २०२५ साली होंडाने तोच दोन क्लचचा गिअरबॉक्स घातलेली एक्स-ए.डी.व्ही. आणली, ती अकरा लाख नव्वद हजारांची. हे आकडे मी वाचून दाखवले तेव्हा सौ. आतून एवढेच म्हणाली, "बाथरूमची फरशी बसवायची राहिलीय." चर्चा तिथेच लाखाच्या घरात खाली आली. दाजी त्याच रात्रीच्या गाडीने परभणीला गेले.

लाख-दीड लाखात ज्या 'मोठ्या' स्कूटर मिळतात, त्या मोठ्या म्हणजे दिसायला मोठ्या. सुझुकीने १९९८ साली परदेशात बर्गमन नावाची चारशे सी.सी.ची भलीदांडगी स्कूटर काढली होती. २०१८ साली तिचे नाव घेऊन आपल्याकडे बर्गमन स्ट्रीट आली, तिचे इंजिन सव्वाशेचे. जहागीर गेलेल्या घराण्यातल्या नातवासारखे. आडनाव तेच, वाडाही पुढून तोच. आत दोन खोल्या. पण खरे सांगायचे तर आपल्याला राहायला दोन खोल्याच लागतात. यामाहाची एरॉक्स २०२१ साली आली, तिचे इंजिन एकशे पंचावन्नचे आणि चाके चौदा इंची. बारामतीच्या कारखान्यातली एप्रिलियाही होती. 

या सगळ्यांत गिअरऐवजी असतो एक पट्टा. हे मला दुकानातल्या मुलाने समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्याचा टाय आणि त्याचे इंग्रजी दोन्ही त्याला घट्ट होत होते. शेवटी मला समजले ते आमच्या उस्मानपुऱ्यातल्या मिस्त्रीकडून. या माणसाने माझ्या तीन गाड्या म्हाताऱ्या होताना पाहिल्या आहेत. त्याने एक उघडी पडलेली स्कूटर दाखवली. "पिठाची गिरणी देखे ना अंकल? वैसाच है."

खरोखर तसेच होते. दोन चाके आणि त्यांवर एक पट्टा. फरक इतकाच, की गिरणीची चाके कायम तेवढीच राहतात, ही बारीक-मोठी होतात. पुढच्या चाकात छोटी वजने असतात. इंजिन जोरात फिरले, की फुगडी घालणाऱ्या मुलींच्या वेण्या बाहेर फेकल्या जातात तशी ती बाहेर सरकतात आणि चाकाच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात. पट्टा वर चढतो. मागच्या चाकात तितकाच खाली उतरतो. झाला गिअर बदलला! पहिला, दुसरा, तिसरा असे पायऱ्यांनी नव्हे, तर उतरणीवरून चालल्यासारखे. हॉलंडच्या डाफ कंपनीने ही युक्ती १९५८ सालीच मोटारीत बसवली होती. म्हणजे आम्ही ज्याला नवी फॅशन म्हणून नाक मुरडतो, ती माझ्याहून फक्त एका वर्षाने लहान आहे.

मिस्त्रीने तीन गोष्टी सांगितल्या, त्या कुठल्याही छापील कागदावर मला मिळाल्या नव्हत्या. एक, "पट्टा बीसेक हजार किलोमीटर पे देख लेना. टूटने तक नक्को रुको." दोन, "ये धक्का मारके चालू नै होती. बॅटरी का खयाल रखना." कारण इंजिन फिरल्याशिवाय हिचा क्लच चाकाला धरतच नाही, तेव्हा कॉलनीतली मुले मागून ढकलताहेत आणि आपण मध्येच क्लच सोडतोय, हे दिवस संपले. तीन, "घाट उतरते वक्त थ्रॉटल पूरा छोडके आरामसे बैठना नक्को. गिअर नै है रोकने कू. दोनो ब्रेक थोडा थोडा."

मग जरा थांबून तो म्हणाला, "अंकल, गिअर होना कायकू? चालीस साल आप गाडी कू देखे. अब रस्ता देखो."

बँकेच्या निरोप समारंभात इतके चांगले भाषण कुणी केले नव्हते.

एवढे सगळे ज्ञान घेऊन, वहीत तक्ता आखून, मी सौ.सह पुन्हा दुकानात गेलो. तक्त्यात सी.सी., मायलेज, चाकांचा इंच असे रकाने होते. सौ.ने तक्ता बघितलाच नाही. तिने मुलाला एकच विचारले, "दळणाचा डबा कुठे ठेवायचा?"

मुलगा गडबडला. "मॅडम, सीटखाली स्टोरेज आहे. हेल्मेट बसतं."

"हेल्मेट डोक्यात असतं. डबा कुठे ठेवायचा?"

आणि तक्त्यातले अर्धे रकाने एका प्रश्नात गळाले. तरुणांच्या मोठ्या स्कूटरमध्ये पायांच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असतो. दिसायला फार ऐटबाज. पण त्यावर डबा राहत नाही, गॅसचे सिलिंडर राहत नाही, भाजीची पिशवी राहत नाही, आणि साडी नेसलेल्या बाईला त्यावरून पाय टाकून बसता येत नाही. गुडघा दुखणाऱ्या पुरुषालाही येत नाही. पण तो ते बोलून दाखवत नाही. मी एरॉक्सकडे बराच वेळ बघत होतो, हे मात्र नोंदवून ठेवतो. मन चौदा इंची चाकांवर होते, गुडघा सपाट फळीवर.

दुसरा प्रश्न तिने विचारला तो मुलाला नव्हे, स्वतःच्या पायांना. ती सरळ बर्गमनवर बसली आणि दोन्ही टाचा जमिनीला लागतात का ते बघितले. सीटची उंची सातशे ऐंशी मिलिमीटर. टाचा टेकल्या. वजन एकशे दहा किलो. तिने स्टँडवरून काढून बघितली, निघाली.

"मॅडम चालवणार?" मुलाने विचारले. "नाही, सर म्हणाले की सरांसाठी..."

"सरांसाठीच आहे," ती म्हणाली. "पण लायसन्स माझंही आहे. विदाऊट गिअर."

आणि ती ट्रायल घेऊन आली. मी मागे बसलो नव्हतो. दुकानाच्या दारात तिची पर्स धरून उभा होतो. ती वळून परत आली तेव्हा तिने हेल्मेटची काच वर केली. १९८८ सालची ती सकाळ मला आठवली. एवढाच फरक, की या वेळी किका हवेत राहायला कुणी उरले नव्हते. मला कळून चुकले, की या घरात अडतीस वर्षे बिनगिअरची गाडी चालवण्याचा अनुभव असलेली एक तज्ज्ञ व्यक्ती होती आणि आपण सल्ल्यासाठी परभणीहून माणूस बोलावला होता.

दसऱ्याला गाडी आली. एम.एच. २० चा नंबर, हार, नारळ, चाकाखाली लिंबू. चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर गाडी बघितली, आईला पुढे बसलेली बघितली आणि त्यांची काळजी निम्म्याने कमी झाली. आपल्या वाट्याची निम्मी काळजी आता तिच्याकडे गेली, हे बघून मलाही हलके वाटले.

पहिले आठ दिवस माझा डावा हात फार बेचैन होता. चेतकवर वाढलेला हात तो. डाव्या बाजूची दांडी दिसली की त्याला क्लच आठवतो, आणि या गाडीत तिथे असतो मागचा ब्रेक. त्यामुळे या हाताला मी रोज सकाळी समजावत असे, की बाबा रे, तुझे ते खाते बंद झाले, आता तुझी बदली ब्रेक विभागात आहे. डावा पाय मात्र पहिल्याच दिवशी सुखावला. सपाट फळीवर तो असा पसरून बसतो, जणू त्याला पेन्शन सुरू झाली. अमरप्रीत, मोंढा नाका, आकाशवाणी. सिग्नल तितकेच आहेत, पण आता मी तिथे आजूबाजूला बघतो. लोक न्यूट्रल शोधत असतात.

मग एका शनिवारी आम्ही खुलताबादला भद्रा मारुतीला निघालो. पंचवीसेक किलोमीटर. चिरंजीवांना न सांगता. जाताना मी चालवायची, येताना तिने, असा करार. दर्शन झाले, चहा झाला आणि येताना ती पुढे बसली, मी मागे. इतक्या वर्षांत या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन त्याचा हिशेब नाही. पण मागच्या सीटवरून पहिल्यांदाच. पुढे बसणाऱ्याला घाटात पुढचा ट्रक दिसतो. मागे बसणाऱ्याला दौलताबादचा किल्ला दिसतो. वळणावर तो असा समोर आला, की मी तिला "अगं, बघ!" म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही बघा. मी इतकी वर्षं बघतच होते मागे बसून." आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे, ती शांतपणे घाट उतरत राहिली.

नेले जाणे हे मी समजत होतो तितके वाईट नाही. नेणारे माणूस आणि परतीचा करार मात्र नीट असला पाहिजे.

घाट संपून रस्ता सरळ झाला, तिने वेग घेतला आणि तेवढ्यात ती मान किंचित वळवून ओरडली. हेल्मेटमुळे मला पहिल्यांदा ऐकू आले नाही. तिने पुन्हा सांगितले.

"अहो, माझा खांदा पिळू नका! यात गिअर नाहीये."